खालचा कप्पा

तिला सगळे घड्याळबाई म्हणत, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं.

बाहेरच्या पाटीवर ‘सर्वधर्मीय अंत्यदर्शन सभागृह’ असं लिहिलेलं होतं. एवढं लांबलचक नाव दुःखातल्या माणसाच्या तोंडून निघत नाही, म्हणून सगळे नुसतं हॉल म्हणायचे. तिथं प्रत्येक मेलेल्या माणसाला अर्धा तास मिळे. मोठा अधिकारी असो की भांडी घासणारी बाई, अर्धा तास. आत आणा, ओट्यावर ठेवा, काय बोलायचं ते बोला, काय म्हणायचं ते म्हणा, मागच्या दारानं गाडीत घाला. वेळ भरत आली की घड्याळबाई शेवटच्या रांगेमागून खाकरायची. भरली की सगळ्या ट्यूबलाइट फटाफट लावायची, म्हणजे रडणाऱ्यांना एकमेकांची गळकी नाकं दिसावीत आणि लाज वाटून त्यांनी उठावं.

“बाई, दोनच मिनिटं द्या हो. आई आहे माझी,” एकदा एक मुलगी गयावया करत म्हणाली.

“बाहेर थांबलाय त्याचीही आईच आहे. रडायचं ते गाडीत रडा. गाडीत वेळ असतो.”

हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की शववाहिकेचा ड्रायव्हर ते हुबेहूब तिच्या आवाजात म्हणून दाखवायचा, आणि मागच्या दाराशी उभी असलेली माणसं, खांद्यावरचं ओझं नुकतंच उतरवलेलं असलं तरी, तोंड फिरवून हसायची.

ओट्यामागच्या भिंतीवर दोन हूक होते. ज्याचं माणूस गेलं त्याच्या धर्माचं चिन्ह तिथं लावायचं, हे तिचं खरं काम. चिन्हं तीन. एक लाकडी, हातभर लांब, हलकं. एक कापडी, त्यावर बारीक भरतकाम, घडी करून ठेवायचं. आणि एक पितळी, परातीएवढं, भरीव, दोन साखळ्यांवर टांगायचं, उचलताना कमरेत चमक भरावी असं. चौथी मंडळी होती त्यांना काहीच नको असायचं. त्यांच्यासाठी भिंत मोकळी ठेवायची. कोणतं चिन्ह कोणाचं हे इथं सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं की माणूस पुढचं ऐकायच्या आधीच कुठल्या तरी बाजूला जाऊन बसतो. घड्याळबाईच्या तोंडी ते लाकूडवाले, कापडवाले, पितळवाले आणि मोकळे असे होते. बाहेर नाही म्हणायची. फक्त नवऱ्याशी बोलताना.

ती स्वतः जन्मानं लाकूडवाली. नवरा पितळवाला. लग्न केलं तेव्हा माहेरानं ती मेली असं धरलं, आणि बाप खरोखर मेला तेव्हा तिला दारातूनच परत पाठवलं. सासरी तिला आत घेतलं, पण सासूबाईंनी तिला शेवटपर्यंत ‘अहो, तुम्ही’ म्हटलं. इतर सुनांना ‘अगं’, हिला ‘अहो’. मान देऊन माणसाला कसं उंबऱ्यावर ठेवता येतं हे सासूबाईंकडून शिकावं. त्याच सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या तेव्हा ‘अगं’वाल्या सुनांना आपापली कामं निघाली, आणि त्यांचं सगळं, अगदी सगळं, या ‘अहो’नं केलं.

नवरा गवंडी होता. हॉलची ती भिंत त्यानंच गिलावा करून दिली, हूकही त्यानंच ठोकले, आणि मग तिथलीच राखणदारीची नोकरी मिळाली तेव्हा हातातली थापी ठेवून तो तिथंच राहिला. त्याचं अर्धं अंग लुळं पडल्यावर नोकरी बायकोकडे आली. हॉलला लागून एक खोली त्यांना दिलेली. एक खाट, एक टेबल, शेगडी, आणि भिंतीपलीकडून रोज कुणाचं तरी रडणं.

“आज कोण?” तो खाटेवरून विचारायचा.

“लाकूडवाले. म्हातारा होता. कुणी फारसं रडलं नाही.”

“नीट लावलंस?”

“नाही, उलटं टांगलं. म्हणे नीट लावलंस!”

त्याचं अर्धं तोंड हसायचं. दुसरं अर्धं आता कशालाच हसत नव्हतं. भिंतीतला उजवा हूक कधीतरी जरासा खाली बसला होता. पितळी चिन्ह लावताना उजव्या साखळीची एक कडी सोडून पुढची कडी अडकवायची, तरच ते सरळ राहायचं. हे त्यानं तिला ओळंबा लावून दाखवलं होतं. आयुष्यभर सरळ भिंती बांधलेल्या माणसाला वाकडं काही दिसलं की दात दुखल्यासारखं व्हायचं.

“माझ्या वेळी तूच लाव,” एके दुपारी तो म्हणाला. “भावाला हात लावू देऊ नकोस. त्याला सरळ म्हणजे काय ते जन्मात कळलेलं नाही.”

“आधी मरा तरी. मग बघू.”

“लावशील ना?”

“लावीन म्हटलं ना. आता कूस बदला, पाठ पुसू दे.”

तो देवाधर्माचा फारसा नव्हता. पण जन्मलो ज्याच्याखाली त्याच्याखालूनच जावं, आणि ते बायकोच्या हातचं असावं, एवढं त्याला हवं होतं. बायकोकडे त्यानं कधी दागिना मागितला नाही की मुलगा मागितला नाही. हे मागितलं. तिनंही वरवर झिडकारलं तरी मनात गाठ मारून ठेवली.

आता कपाटाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच शिजलं. चिन्हांचं कपाट लोखंडी, उंच, चार कप्प्यांचं. कापडी चिन्ह सगळ्यात वर, ओल लागू नये म्हणून. लाकडी त्याच्याखाली. तिसऱ्या कप्प्यात दिवे, काडेपेट्या, फुलदाण्या. आणि पितळी सगळ्यात खाली, कारण ते जड होतं. जड वस्तू खाली ठेवायची, हे कुठल्याही बाईला स्वयंपाकघरात उभं राहिल्या राहिल्या कळतं. त्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून ते नवऱ्याच्या एका जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं असे. सदरा त्यानंच दिला होता. “धुऊन धुऊन मऊ झालाय, याला बरा,” म्हणून.

एके दिवशी पितळवाल्यांची एक बाई हॉल बघायला आली. वडील अजून जिवंत होते. पण आधीच बघून ठेवलेलं बरं, म्हणाली. कपाट उघडं होतं. घड्याळबाई ओटा पुसत होती. बाईनं मोबाइल काढला, फोटो घेतला आणि न बोलता निघून गेली.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला. वर त्यांचं लाकूड, खाली आपलं पितळ. फोटोखाली लिहिलेलं, ‘आपलं चिन्ह त्यांच्या पायाशी. त्यावर पायपुसणं टाकलंय. किती सहन करायचं?’ कपाटाखाली घड्याळबाईच्या रबरी चपला होत्या, त्याही फोटोत आल्या होत्या. कुणीतरी त्यांच्याभोवती लाल गोल काढला.

दुसऱ्या दिवशी हॉलसमोर गर्दी. पुढे ती दोन मिनिटं मागणारी मुलगी.

“हिनंच माझ्या आईला हाकललं होतं!” ती ओरडत होती. “मला तेव्हाच कळलं होतं हिच्या मनात काय आहे ते!”

घड्याळबाईच्या मनात तेव्हा बाहेर थांबलेल्या लाकूडवाल्यांशिवाय काहीही नव्हतं, आणि त्यांनाही तिनं अर्ध्या तासातच हाकललं होतं. तिचा खडूसपणा सगळ्या धर्मांना समान होता. पण ओरडा खाल्लेल्या प्रत्येकाला आता वाटू लागलं की आपल्याला मिळाला तो धर्मामुळे. एकजण आठवून सांगू लागला, माझ्या काकांच्या वेळी ही खाकरली होती. मुद्दाम, प्रार्थना सुरू असताना.

“ते पायपुसणं नाही, सदरा आहे,” ती दारात उभी राहून म्हणाली. “माझ्या नवऱ्याचा.”

“अंगातला? वापरलेला?”

“मग काय दुकानातून नवा आणू? नवा खरखरीत असतो!”

गर्दीत ‘हाय हाय’ झालं. वापरलेला सदरा! पायपुसणं परवडलं असतं.

त्याच दिवशी दुपारी तिचा मोठा भाऊ आला. बापाच्या दारातून परत फिरल्यापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. खुर्चीवर बसला, खाटेवरच्या मेव्हण्याकडे बघणं टाळून बसला.

“आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत,” तो म्हणाला. “आपल्या माणसावर अन्याय झालाय.”

“आपल्या? दादा, बाबा गेले तेव्हा मी कुणाची होते?”

“जुनं उकरून काय मिळणार? तू फक्त एक कर. तुझ्या ह्यांच्या वेळी ते पितळ लावू नकोस. नुसती भिंत ठेव. मग बघ, आम्ही तुझ्यासाठी रस्त्यावर उतरतो की नाही.”

ती शेगडीकडे वळली.

“चहा घेणार?”

“नको.”

“बरं झालं. दूध नाहीये.”

मग बैठक झाली. हॉलमध्येच, त्याच खुर्च्यांवर. ओटा रिकामा होता तरी सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले, सवयच तशी. हॉलचे साहेब मध्ये. पितळवाल्यांच्या बाजूनं तिचा धाकटा दीर, त्यांच्या समितीचा चिटणीस. माणूस गोड बोलणारा, केस कायम ओले.

साहेब म्हणाले, “सगळी चिन्हं एकाच कप्प्यात ठेवू. शेजारी शेजारी.”

“पहिलं कुठलं?” लाकूडवाल्यांनी विचारलं.

“पहिलं म्हणजे?”

“डावीकडून पहिलं.”

“आम्ही उजवीकडून वाचतो,” कापडवाले म्हणाले. “आमच्या दृष्टीनं ते शेवटचं होईल.”

“मग गोल कपाट करा!” कुणीतरी मागून म्हणालं, आणि साहेबांनी ते खरंच टिपून घेतलं.

तेवढ्यात मोकळ्यांचा एक चष्मेवाला उभा राहिला. त्याला काहीच लावायचं नसे, म्हणून कुणी त्याला जमेत धरलं नव्हतं. “आमच्यासाठीही एक कप्पा हवा,” तो म्हणाला. “रिकामा. आणि तो इतरांच्या बरोबरीच्या उंचीवर हवा. रिकामेपणाचाही मान असतो.”

ड्रायव्हर मागच्या दाराशी उभा होता. त्याला हसू आवरेना, तो बाहेर गेला. घड्याळबाई हसली नाही. तिला एकच कळत होतं, कपाट कसलंही करा, पण त्याला हात लावणारी मी असले पाहिजे.

तेच तिच्या दिरानं उचललं. “कपाटाचं नंतर बघू, साहेब. मुद्दा हाताचा आहे. आमच्या चिन्हाला कुणाचा हात लागतो? वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही जन्मानं कोण?”

“तुमच्या आईचं ढुंगण धुतलं तेव्हा नाही विचारलंत, भाऊजी.”

दिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो चिटणीस उगाच झाला नव्हता.

“तो घरातला विषय आहे,” तो गोड आवाजात म्हणाला. “इथं समाजाचा विषय चाललाय.”

शेवटी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. माफी मागा, म्हणाले. चूक नसली तरी मागा. लोक थंड होतील, तुमची नोकरी राहील, खोली राहील, आणि कामही पूर्वीसारखं तुमच्याच हातात राहील. मी बोललोय तुमच्या दिराशी.

“नक्की माझ्याच हातात?”

“नक्की.”

घड्याळबाईनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याचीसुद्धा नाही; तिची चूक झाली की ती त्याला आवडती भाजी करून घालायची आणि तो समजून घ्यायचा. पण खाटेवरचा माणूस दिवसेंदिवस खाली खाली चालला होता, आणि त्यानं मागितलेलं एकच होतं. ती ओट्यासमोर उभी राहिली. मोबाइल वर झाले.

“माझ्याकडून चिन्हाचा अपमान झाला,” तिनं दिरानं सांगितलेलं वाक्य म्हटलं. “त्यावर मी मळका कपडा टाकला. मला क्षमा करा.”

“जरा मोठ्यानं, वहिनी. मागे ऐकू येत नाही.”

तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

त्यावर दीर उठला आणि म्हणाला, वहिनींच्या प्रांजळपणाचं कौतुक आहे. आता त्यांनी स्वतःच कबूल केलंय म्हटल्यावर आमचं चिन्ह त्यांच्या हातात ठेवणं समाजाला पटणार नाही. गोल कपाट होईपर्यंत ज्यानं त्यानं आपलं चिन्ह आपल्या घरी न्यावं, लागेल तेव्हा आणावं, आपल्याच माणसानं लावावं. लाकूडवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी लगेच होकार दिला. एवढ्या दिवसांत त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे. साहेबांनी घड्याळबाईकडे बघितलंच नाही. सदरा सोडून ओट्यावर टाकला आणि चार माणसांनी पितळ उचलून नेलं. तिनं तो सदरा उचलला, घरी नेला, धुतला आणि खाटेच्या दांडीवर वाळत घातला.

नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. ते काम दिरानं केलं. भावाला भेटायला म्हणून आला आणि जाता जाता मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. “बघ दादा, वहिनींनी किती समजूतदारपणा दाखवला.”

नवऱ्यानं ते शेवटपर्यंत बघितलं. दीर गेल्यावर म्हणाला, “मळका?”

“म्हणायला लावलं.”

“सदरा माझा होता.”

“माहीत आहे मला! कुणासाठी म्हटलं असेन? तुमच्यासाठीच ना? मला लावू देतील म्हणून—”

“देणार आहेत?”

तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मग आता झालंच ते खरं,” तो म्हणाला. “उद्या पोरं शाळेत सांगतील, त्या बाईनं मळका कपडा टाकला. तिनंच कबूल केलं.” आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्याला स्वतःहून वळता येईल ती बाजू तेवढी एकच होती. तिनं पाठ पुसली, तोंडात घास घातले, तो खात राहिला. पण बोलला नाही. ज्या माणसाशी तिचं सगळं आयुष्य टोमण्यांत छान चाललं होतं, त्यानं शेवटी तिला एक टोमणाही दिला नाही. त्याच अबोल्यात तो गेला.

तिनं त्याला तोच सदरा घातला. कितीही धुतला तरी त्याला पितळ घासायच्या पावडरीचा वास होता. जावेनं नाक मुरडलं. “अहो, निदान आज तरी चांगला घालायचा.”

“पायपुसणं आहे ते,” घड्याळबाई म्हणाली. “समाजानं ठरवलंय.”

हॉलमध्ये तिला पहिल्या रांगेत बसायचं होतं. पण पहिल्या रांगेत समितीची माणसं बसली, कारण हा फोटोनंतरचा त्यांचा पहिलाच मोठा प्रसंग होता आणि चिन्ह मानानं परत येणार होतं. तिला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली, दोन जावांच्या मध्ये. दीर आणि दोन माणसं पितळ घेऊन आली. स्टुलावर चढून त्यांनी साखळ्या हुकांत अडकवल्या, दोन्ही शेवटच्या कडीला, आणि खाली उतरून हात झटकले.

चिन्ह उजवीकडे कललं होतं. फार नाही. बोटभर.

“भाऊजी,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “उजव्या साखळीची एक कडी सोडा.”

“वहिनी, आज तरी,” दीर न वळता म्हणाला.

“वाकडं लागलंय.”

“सरळ आहे.”

“डोळे आहेत का कवड्या? वाकडं आहे ते! त्यांना—” ती उठली. दोन्ही जावांनी दोन बाजूंनी तिला धरलं आणि खाली बसवलं. बघणाऱ्यांना वाटलं, शोक अनावर झालाय बिचारीला. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी कानात कुजबुजली, “शोभा करू नका, हात नाही लावायचा तुम्ही.” मग दिराचं भाषण झालं. दादाच्या जाण्यापेक्षा समाजाच्या एकजुटीवर तो जास्त बोलला. नवरा ओट्यावर जुन्या सदऱ्यात पडलेला, त्याच्या डोक्यावर ते बोटभर वाकडं, आणि ती पूर्ण वेळ तेवढ्या बोटभराकडे बघत बसलेली.

मागून कुणीतरी खाकरलं. आज वेळेवर नजर ठेवायचं काम ड्रायव्हरकडे होतं. थोड्या वेळानं सगळ्या ट्यूबलाइट फटाफट लागल्या. माणसं नाकं पुसत उठली.

तिनं जावांचे हात झटकले आणि ओट्याजवळ गेली. “थांब रे जरा. मला स्टूल दे. एकदाच सरळ करते, मग न्या.”

ड्रायव्हरनं दाराबाहेर बघितलं. पुढची मंडळी येऊन उभी होती. त्यानं दिराकडे बघितलं, दिरानं नुसती मान हलवली.

“बाई, वेळ झाली,” तो म्हणाला. आणि मग, सवयीनं की मुद्दाम ते त्याचं त्यालाच माहीत, तो तिच्याच आवाजात म्हणाला, “गाडीत वेळ असतो.”

मागच्या दाराशी उभ्या माणसांपैकी एकाला हसू फुटलं. त्यानं तोंड फिरवलं.

नवऱ्याला गाडीत घातलं. ती एका बाकावर बसली, दीर समोरच्या बाकावर. चिन्ह उतरवून त्यानं बरोबर घेतलं होतं. गुंडाळायला काही नव्हतं म्हणून कालच्या वर्तमानपत्रात बांधलेलं. आधी मांडीवर घेऊन बसला. गाडी सुरू झाली, पहिल्या वळणावर त्याची कड त्याला रुतली असावी. दुसऱ्या वळणावर त्यानं ते हळूच खाली ठेवलं. गाडीच्या फरशीवर, आपल्या बुटांशेजारी.

तिनं वर्तमानपत्राकडे बघितलं, बुटांकडे बघितलं.

“जड आहे ना, भाऊजी?”

दीर खिडकीबाहेर बघू लागला. थोड्या वेळानं त्यानं पाय जरासे बाजूला घेतले. चिन्ह उचललं नाही.